मुलाखतीच्या जाळीपलीकडचे बोलणे

घरातले माणूस तुरुंगात गेले की मोहल्ल्यात त्याचे नाव हळू आवाजात घेतले जाते. कुणी विचारलेच तर "कामाला बाहेरगावी गेलाय" म्हणून आपण मोकळे होतो. अशा माणसावर आत लैंगिक अत्याचार झाला, तर तो सांगणार कुणाला? आत मारणाऱ्याची भीती आणि बाहेर आपल्या इज्जतीची!

मंजुळा शेट्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात शिक्षा भोगत होत्या. २३ जून २०१७ रोजी अंडी-पावाचा हिशेब जुळेना म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. लाठीने लैंगिक अत्याचार केल्याचा आरोपही सहकैदी महिलेच्या फिर्यादीत होता. तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. सहाही महिलाच. "बायकांच्या तुरुंगात कसली भीती," असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. हे बाहेर आले ते आतल्या बाया बोलल्या म्हणून.

बाहेरच्यांच्या हट्टाचे उदाहरण आपल्या सांगलीचेच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळे कोठडीतून पळाला, असे पोलिसांनी सांगितले. ते प्रकरण लैंगिक अत्याचाराचे नव्हते. पण घरच्यांनी ती गोष्ट मानली नाही, ते विचारत राहिले. अखेर कोठडीतल्या मारहाणीत तो मेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, हे उघड झाले. पोलीसच आरोपी झाले.

मुलाखतीच्या वेळी शिपाई जवळ उभा असतो. तिथे खोदून विचारू नये. माणूस अचानक भेट नाकारू लागला, बराक बदलून मागू लागला, तर वकिलाला एकट्याने भेटायला सांगावे. तुरुंगातल्या फोनवर हा विषय नकोच. तारीख पडली की थेट न्यायाधीशांना सांगता येते. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि दुसऱ्या बराकीत वा तुरुंगात हलवण्याचा अर्ज तिथेच द्यावा. तपासणीला उशीर नको. अंगावरचे कपडे शक्यतो धुऊ नयेत. वकिलाला पैसे नसतील तर सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

तुरुंगाच्या कर्मचाऱ्याने कैदी स्त्रीवर बलात्कार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ प्रमाणे किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. पुरुष कैद्याची गोष्ट मात्र वेगळी. १ जुलै २०२४ पासून जुने ३७७ कलम गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. पुरुषावरच्या बलात्काराला आज नेमके कलमच नाही. मारहाण, दुखापत, डांबून ठेवणे अशा कलमांवर भागवावे लागते. आमच्या मते ही कायद्यातली मोठी चूक आहे. तरीही तक्रार लेखी द्यावीच. तिची पोच घ्यावी, तारीख-वेळ घरच्या वहीत लिहून ठेवावी.

शिक्षा झाल्यावर अनेकांची रवानगी कळंब्याला किंवा येरवड्याला होते. एसटीचा खर्च, बुडालेली मजुरी, दारावरची रांग, हे सारे खरे. म्हणून मुलाखती कमी होतात, मग बंद पडतात. ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याच्यावर हात टाकणे सोपे जाते, हे आतल्या सगळ्यांना ठाऊक असते. अम्मीला जमत नसेल तर भावाने जावे, भावाला नसेल तर मामूने.

आणि त्याने सांगितलेच, तर "तू ओरडला का नाहीस?" हा प्रश्न विचारू नये. "बरं केलंस सांगितलंस," एवढे म्हणावे आणि त्याच दिवशी वकिलाला गाठावे.