पालवीआधीची फुलं

अमेरिकेच्या पूर्व भागात मेपल-ओकच्या दाट सावलीतल्या अंगणालाही एप्रिलमध्ये भरपूर ऊन मिळतं, कारण झाडांना अजून पालवी फुटलेली नसते. तेवढ्या काही आठवड्यांत ‘स्प्रिंग ब्यूटी’ ही रानवनस्पती फुलते, बी धरते आणि पुन्हा जमिनीखालच्या कंदापुरती उरते. तिच्या गुलाबी परागांवर ‘अँड्रेना एरिजेनिये’ ही जमिनीत बीळ करणारी एकांडी मधमाशी पिल्लं वाढवते. दुसरी फुलं तिला फारशी चालतच नाहीत. ‘डचमन्स ब्रीचेस’ या दुसऱ्या रानफुलाचा खोलवरचा मकरंद लांब जिभेच्या बंबलबी राणीसाठी. दोन्हींच्या बिया पसरवतात मुंग्या!

न्यू जर्सीतल्या मराठी बागप्रेमींनो, या फुलांचे कंद पानगळीच्या दिवसांत लावा. ते रोपवाटिकेतूनच घ्या, जंगलातून कृपा करून उपटू नका आणि गळलेली पानं झाडाखालीच राहू द्या.