दीड लाख पत्रांचं एक पोतं

दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या अमेरिकन खलाशाला घरी पत्र धाडायला पैसे पडत नसत. खोळंबा होता तो जागेचा. दीड लाख पत्रांना ३७ पोती लागत आणि वजन भरे २,५७५ पौंड. तीच जागा दारूगोळ्याला हवी असे. ब्रिटिशांनी १९४१मध्ये ‘एअरग्राफ’ सेवा काढून यावर तोड शोधली होती. तिच्याच धर्तीवर १५ जून १९४२ला अमेरिकेची ‘व्ही-मेल’ सुरू झाली.

युक्ती साधी होती. पत्र पाठवायचंच नाही, त्याचा फोटो पाठवायचा. बँकांतल्या चेकच्या नोंदी ठेवायला बनवलेली कोडॅकची रेकॉर्डॅक यंत्रं या कामाला जुंपली गेली. ठरावीक नमुन्याच्या कागदावर, एकाच बाजूला, ठळक शाईत लिहायचं. जहाजावरचा अधिकारी ते वाचणार; जहाज कुठे आहे याचा सुगावा लागेल असं काही दिसलं की खोडणार. (नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं रोज भेटणारा साहेब वाचणार, हे दोघांनाही अवघडच गेलं असणार.) मग मायक्रोफिल्म, विमान, आणि पलीकडे पुन्हा छपाई. घरी पोचे ती तळहाताएवढी प्रत. बारीक अक्षर असलेल्यांचं काय होत असेल, ते वाचणारेच जाणोत! ३७ पोत्यांचा ऐवज मात्र एका पोत्यात मावे, जेमतेम ४५ पौंडांत.

यंत्राला प्रेमाचं वावडं होतं, तेही अक्षरशः. घरून येणाऱ्या पत्रांवर बायका लिपस्टिक लावलेल्या ओठांचे ठसे उमटवत आणि ती लाली यंत्रात चिकटून काम अडवी. पत्रासोबत फोटो किंवा कात्रण घालायलाही मनाई होती. सवलत एकच, आणि ती ज्यानं सुचवली त्याला संसार ठाऊक असावा: वडील परदेशी गेल्यावर जन्मलेल्या किंवा वर्षाच्या आतल्या बाळाचा फोटो मजकुराच्या जागेत वरच्या कोपऱ्यात छापता येई.

नोव्हेंबर १९४५पर्यंत अब्जावर पत्रं या वाटेनं गेली. सरकारनं जाहिरातीही जोरात केल्या. तरी १९४४ साली नौदलातल्या माणसांना व्ही-मेलची ३ कोटी ८० लाख पत्रं आली, तर साध्या लिफाफ्यातली २७ कोटी २० लाखांहून अधिक. त्या लिफाफ्यांत हवी तेवढी पानं मावत, फोटो मावत, आणि ओठांच्या ठशालाही हरकत नव्हती.