खोली नको, जागा द्या!

सुरुवातीलाच माफी मागते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचे तास आठवड्याला मोजून चार, आणि त्यातला एक हमखास पी.टी.ला जायचा. आजही कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी मनातल्या मनात बोटं मोजते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या खिशाचा आहे. दर सेमिस्टरला परीक्षा संपली की कुणीतरी विचारतंच, "वणीला जायचंय, स्वस्तात राहायचं कुठे?" यंदा जानेवारीत मी तिथे एकटी जाऊन राहून आले. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट, जी मला बारावी सायन्स होऊनही माहीत नव्हती: वणीची देवी वणीत नाही! वणी हे दिंडोरी तालुक्यातलं गाव. सप्तशृंग गड तिथून पुढे वीस-पंचवीस किलोमीटर, कळवण तालुक्यात. वणीहून नांदुरीला जायचं आणि तिथून दहा किलोमीटरचा घाट चढायचा. लोक पिढ्यान् पिढ्या 'वणीची देवी' म्हणतात, म्हणून मी सीबीएसवरून एसटीत बसले आणि कंडक्टर "वणी, वणी" ओरडला तशी टुणकन उतरले. स्टँडबाहेर येऊन डोंगर शोधतेय! चहावाल्याने शांतपणे विचारलं, "गडावर जायचं होतं का?" म्हणजे रोज एखादा तरी माझ्यासारखा उतरत असणार. वणीत जगदंबेचं देऊळ आहे, तिथे हात जोडले आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसले. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे चुकीची शिक्षा तशी स्वस्तात झाली. पण दोन तास गेले, आणि गडावर पोचले तेव्हा अंधार पडला होता.

आता मी एकटी का गेले, ते. माझी आजी धुळ्याकडची. चैत्रात रामनवमी ते पौर्णिमा गडावर यात्रा असते आणि खानदेशातून लोक दिवसेंदिवस चालत येतात. आजी वीसेक वर्षं चालत आली. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता रोपवे आहे (२०१८ साली सुरू झाला), त्यामुळे गडावरच्या गावातून देवळापर्यंतच्या पाचेकशे पायऱ्या टाळता येतात. पण आजीचं म्हणणं, "चालत जाता येत नाही तर बसून काय जायचं?" तिने मला ओटीचं सामान दिलं. खण, नारळ, तांदूळ सगळं एका पिशवीत. ओटी पहाटेच्या आरतीनंतर भरायची, म्हणजे रात्री गडावर राहणं आलं. मी म्हटलं, ऑनलाइन खोली बघते. ती म्हणाली, "खोली मांगू नको. जागा मांग." मला वाटलं, अहिराणी आहे, एकच अर्थ असेल.

तो एकच नसतो, हे पुढच्या तासाभरात कळलं.

पहिल्या लॉजवर काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "सोबत कोण आहे?" म्हटलं, कोणी नाही. "मग खोली नाही." बोर्डावर 'रूम उपलब्ध' लिहिलेलं होतं. दुसरीकडेही तेच. पण तो दुसरा माणूस निदान खरं बोलला. "ताई, एकटं माणूस आत कडी लावून काय करेल सांगता येत नाही. मागे एकदा पोलिसांच्या खेपा घातल्यात आम्ही." म्हणजे मी मुलगी म्हणूनच नाही, एकटी म्हणूनही. आपल्या वर्गातल्या एका मुलालाही दुसऱ्या तीर्थक्षेत्री असंच परतवलं होतं, ते मला नंतर कळलं. मी आयुष्यभर स्वतःच्या खोलीत झोपलेली. सेकंड इयरला रूममेट मिळाली तेव्हा रडले होते. आणि आता आधार कार्ड, पैसे, मोबाइल सगळं हातात असून रात्री साडेसातला जानेवारीच्या थंडीत मी पिशवीतला नारळ सांभाळत उभी. रडू आलं का? आलं. असो.

कायद्याने एकटीला खोली नाकारता येते का? सज्ञान व्यक्तीने एकटं राहू नये असा कुठलाच कायदा नाही. अविवाहित स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहण्यावरही कुठल्या कायद्यात बंदी नाही, असं मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं. दोघांना नाही तर एकटीला कुठून असणार? पण रात्री साडेसातला काउंटरवर हायकोर्ट काही कामाला येत नाही.

शेवटी एका जुन्या धर्मशाळेत गेले आणि आजीचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "खोली नको. जागा द्या." कारकून काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "हॉलमध्ये ग्रुपला देतो. एकटीला..." तेवढ्यात मागच्या बाकावरून एक नऊवारीतली बाई उठली. "कोनी पोर शे तू? एकलीच उनी का?" मी मोडक्या अहिराणीत आजीच्या गावाचं नाव सांगितलं. ते तिच्या गावापासून फार लांब नसावं, कारण तिने पुढे काही विचारलंच नाही. काकांकडे वळून म्हणाली, "आमना संगे शे ती. लिखी ले." काकांनी रजिस्टरात 'अकरा'चा आकडा खोडून 'बारा' केला, माझं ओळखपत्र बघितलं, एक पावती फाडली, झालं.

तर मुद्दा असा की खोली ही भाड्याची वस्तू आहे आणि जागा हा माणसांमधला हिशोब आहे. पण त्यात गणितही आहे, आणि आपण इंजिनिअर, तेव्हा ते करूनच बघू. समजा, दहा बाय बाराच्या दहा खोल्या. क्षेत्रफळ १२०० चौरस फूट, दोन-दोन माणसं धरली तर मुक्काम वीस जणांचा. शिवाय दहा संडास-बाथरूम, दहा कुलपं, दहा टीव्ही, आणि सकाळी झाडायला दहा खोल्या. तेवढ्याच जागेत एक हॉल काढला. एका गादीला सहा बाय अडीच, म्हणजे १५ चौरस फूट. चालायला-सामानाला तेवढीच जागा आणखी सोडली तर ३० फूट. चाळीस माणसं मावतात. म्हणजे दुप्पट माणसं, चार बाथरूम आणि एकच झाडू! म्हणून हॉलमधली गादी एका वडापाव-चहाच्या आसपास पडते आणि खोलीला कितीतरी पट मोजावे लागतात. (जीएसटीचीही गंमत आहे. हजार रुपयांखालच्या हॉटेलच्या खोल्यांना असलेली माफी १८ जुलै २०२२ पासून गेली, पण धर्मादाय ट्रस्टने देवस्थानाच्या आवारात दिलेल्या हजाराखालच्या खोल्यांना ती राहिली.)

जगभरातल्या स्वस्त हॉस्टेलचं गणित हेच: खोलीला भाडं नाही, खाटेला. ही कल्पना जर्मनीतल्या रिचर्ड शिरमन या शाळामास्तरांची. १९०९ साली पोरांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळात सापडले आणि रात्र एका शाळेत गवतावर झोपून काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पोरांना झोपायला का देऊ नयेत, असं त्यांना वाटलं. १९१२ साली आल्टेना गावच्या किल्ल्यात त्यांचं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल निघालं. आपल्याकडे वारकऱ्यांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं! अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर धर्मशाळा बांधल्या. गडावरच्या जुन्या पायऱ्याही त्याच शतकात दाभाडे घराण्यातल्या उमाबाईंनी बांधवल्याचं सांगतात. इंग्रजांनी १८६७ साली सरायांचा कायदाच केला. सराय आणि तिची विहीर साफ ठेवा, भिंती-छप्पर दुरुस्त ठेवा, पहारेकरी नेमा, आणि भाड्याचा तक्ता जिल्हा मॅजिस्ट्रेट सांगेल त्या भाषांत लावा, असं त्यात लिहिलं होतं. तो तक्त्याचा भाग मला फारच आवडला. आपल्या मेसमध्येही लावायला हरकत नाही.

पण धर्मशाळा म्हणजे सगळ्यांनाच जागा असं कधीच नव्हतं. पंढरपुरात दलित यात्रेकरूंना इतरांच्या धर्मशाळांत घेत नसत, म्हणून गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. पुढे १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गाडगेबाबांची धर्मशाळा आपल्या नाशिकमध्येही आहे, तिच्यावरून रिक्षाने किती वेळा गेलेय मी. दोन लॉजवाल्यांनी परत पाठवलं तर मला रडू फुटलं. ज्यांना दर आषाढीला, पिढ्यान् पिढ्या, दारातूनच परत पाठवलं त्यांचं काय झालं असेल, हे त्या रात्री गादीवर पडल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं. शाळेत चोखामेळ्यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती, तेव्हा नव्हतं आलं.

आता हॉलविषयी खरं खरं. झोप लागत नाही. कोणीतरी घोरतं, कोणाचं तरी तान्हं उठतं, ट्यूबलाइट एक चालूच ठेवतात. गादी मिळते, पण चादर स्वतःची न्या. मी नेली नव्हती. त्या बाईंनी (त्यांना सगळ्या 'जिजी' म्हणत होत्या) आपल्या गोधडीचं अर्धं टोक माझ्याकडे सरकवलं. एका गोधडीत अनोळखी माणसाबरोबर झोपणं, हे माझ्या कॉन्व्हेंटच्या कुठल्याच मॉरल सायन्सच्या पुस्तकात नव्हतं. जेवायला आधी मी बिस्किटं काढली. जिजींनी ती बघितली, काही बोलल्या नाहीत, आणि कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. ठेचा इतका तिखट की थंडी पळाली. (एरवी गडावर ट्रस्टचं प्रसादालय आहे आणि भक्तनिवासही. तुम्ही आधी चौकशी करून जा, माझ्यासारखं अंधारात नको.)

सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे पहाटेचं गरम पाणी. हाही हिशोब मी पडल्या पडल्या केला. चाळीस माणसं, माणशी पंधरा लिटरची बादली, म्हणजे ६०० लिटर. पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं तर साधारण ६२,७०० किलोज्यूल, म्हणजे सतरा-साडेसतरा युनिट वीज. तीन किलोवॅटच्या गीझरला जवळजवळ सहा तास लागतील, आणि सगळ्यांना पाणी चार ते पाचच्या मध्येच हवं! म्हणून अंगणात लाकडावरचा भलामोठा बंब असतो आणि बादलीचे पैसे वेगळे. लोक त्यावरून कारकुनाशी भांडतात. थर्मोडायनॅमिक्स बघता भांडू नये. रांग मात्र लवकर लावावी. मला जिजींनी पावणेचारला हलवलं, "ऊठ माय, पानी तपनं."

काही बारीक सारीक. ओळखपत्राची झेरॉक्स देताना 'मास्क्ड आधार' द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. पावती घ्याच आणि परत जाईपर्यंत जपा, डिपॉझिट तिच्यावरच मिळतं. छोटं कुलूप न्या. पैसे आणि मोबाइल उशीखाली नाही, अंगावर. चैत्र आणि नवरात्रात खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर फक्त एसटी जाते, तेव्हा बाइकचे बेत करू नका. आणि त्या दिवसांत गादी सोडाच, ओसरी मिळाली तरी नशीब समजा. शांतपणे राहायचं असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. मी शुक्रवारीच गेले होते, हे वेगळं सांगायला नको.

पहाटे आम्ही बारा जणी पायऱ्यांनीच चढलो. देवीची मूर्ती कड्याच्या दगडातच कोरलेली, आठेक फूट उंच, अठरा हातांची. वर्षानुवर्षांच्या शेंदराचा जाड थर २०२२ साली देऊळ काही दिवस बंद ठेवून उतरवला, तेव्हा आतलं मूळ रूप दिसायला लागलं. आजीने पाहिलेली देवी तो थर होता तेव्हाची. मी ओटी भरली, आजीला व्हिडिओ कॉल लावायचा विचार केला, पण आत फोन चालत नाही आणि ते बरंच झालं. बाहेर येऊन नुसता साधा फोन केला. दर्शन कसं झालं हे तिने नंतर विचारलं. आधी विचारलं, "जागा भेटनी का?"

त्यांचा टेम्पो आठला निघाला. जिजींचं पूर्ण नाव मला अजून माहीत नाही, फोन नंबर घ्यायचं सुचलंच नाही.

हॉस्टेलवर परत आले तर रेक्टर मॅडम गेटवर. सुट्टीच्या रजिस्टरात 'कोणाकडे राहणार' आणि 'नाते' हे दोन रकाने मी जाताना मोकळेच सोडले होते. म्हणाल्या, आता भर. पहिल्यात लिहिलं, 'जिजी, मु. पो. आजीच्या गावाजवळ.' दुसऱ्या रकान्याशी बराच वेळ पेन धरून उभी राहिले. मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं, वाचलं, आणि स्वतःच्या हाताने तिथे लिहिलं: 'गावचे'. मग म्हणाल्या, "चादर नेली होतीस का?"