मोरीतलं पाणी जातं कुठे?

मुठा नदी पुण्यातून वाहते असं आपण म्हणतो. पावसाळ्यात ते खरंही असतं. एरवी टेमघर, पानशेत आणि वरसगावचं पाणी खडकवासल्याला अडतं आणि तिथून कालव्यात नि शहराच्या नळांत जातं. दिवाळीनंतर लकडी पुलाखाली जे वाहताना दिसतं, ते बहुतांश आपल्याच घरांतून वापरून बाहेर पडलेलं पाणी असतं. म्हणूनच ‘नदी वाहती आहे, टाकलेलं सगळं वाहून जाईल’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. घाण पातळ करायला नदीत तिचं स्वतःचं पाणीच उरलेलं नसतं. आणि वाहून जातं ते कुठे? मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात साठते. ते पाणी सोलापूर पितं. धरणाच्या खाली हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते.

‘नद्या कारखान्यांनी नासवल्या, आपल्या चार भांड्यांच्या पाण्याने काय होतंय?’ हेही नेहमी ऐकू येतं. कारखान्यांचा दोष आहेच, आणि तो लहान नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. उरलेलं तसंच ओढ्या-नाल्यांत आणि नद्यांत जातं. हे घराघरांतलं पाणी आहे.

त्यातलं सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं घेऊ. ‘दूध, ताक, पेज हे तर अन्नच, मासे खातील!’ मासे ते खाण्याआधी जिवाणू त्यावर तुटून पडतात, आणि ते कुजवताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. पाण्यात प्राणवायू मुळात फार थोडा विरघळतो. आपल्या हवामानात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम. एक लिटर दूध कुजायला मात्र सुमारे १ लाख मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. हिशेब करून पाहा: १०,००० लिटरचा टँकर स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरला, तरी त्यातला सगळा प्राणवायू एका लिटर दुधाला पुरणार नाही. आंघोळीयोग्य नदीत लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा निकष आहे. हे आकडे कळल्यावर नासलेलं दूध सिंकमध्ये ओतायला हात धजावत नाही. दूध उकळताना फाटलं तर पनीर करून उरलेल्या पाण्यात कणीक मळता येते. आंबलेलं ताक पातळ करून कढीपत्त्याला घालायची रीत तर आपल्याकडे आहेच. पेज गार करून कुंड्यांना घालावी.

तळणीच्या तेलाचं वेगळंच. ‘गरम पाणी आणि साबण सोडला की तेल निघून जातं’ असं वाटतं, पण ते फक्त आपल्या नजरेआड होतं. ड्रेनेजच्या पाइपात गार झालं की कडेला थिजतं, त्याला केस आणि खरकटं चिकटतं, लाइन तुंबते आणि चेंबर रस्त्यावर वाहू लागतं. ते वाहिलेलं मैलापाणी प्रक्रिया केंद्राऐवजी पावसाळी गटारात उतरतं. कढई घासण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून तो कागद कचऱ्यात टाकायचा, एवढ्यानेही फरक पडतो.

पावसाळी गटाराचा घोटाळा शिकल्या-सवरल्या माणसांचाही होतो. रस्त्याकडेच्या जाळीखालची वाहिनी आणि घरातलं ड्रेनेज या दोन वेगळ्या लाइनी आहेत. पावसाळी वाहिनी थेट ओढ्यात किंवा नदीत जाते, मध्ये कसलीही प्रक्रिया नसते. गाडी धुतलेला फेस, रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी, बांधकामाचं सिमेंटचं पाणी त्या जाळीत गेलं, म्हणजे नदीतच गेलं.

आता एक गैरसमज असा, जो नदीवर जीव असलेल्यांनीच पसरवला आहे, म्हणून तो जास्त सांभाळून सांगायला हवा. संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून केलेलं बायोएन्झाइम ओढ्यात ओतलं की ओढा शुद्ध होतो, असं मानून लोक मोठ्या हौसेने कॅन रिकामे करतात. हे द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं आणि त्यात न कुजलेले सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. म्हणजे ओढ्याच्या दृष्टीने ते दुधासारखंच: प्राणवायू खाणारं आणखी एक ओझं. घरात फरशी पुसायला ते जरूर वापरा. उग्र रसायनांची बाटली त्यामुळे कमी होत असेल, तर तिथेच त्याचं काम झालं.

रिठ्याचंही तसंच. नैसर्गिक आहे म्हणून नदीकाठी बसून रिठ्याने कपडे धुवावेत, असं नाही. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना मारक असतं. सह्याद्रीत गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकून मासे गुंगवतात, त्यामागेही सॅपोनिनच. रिठा घरी वापरा, धुण्याचं पाणी झाडांना द्या. माती त्याचा निकाल लावते.

गणपतीच्या दिवसांत ‘शाडूची मूर्ती आहे, नदीत चालते’ हे वाक्य हमखास कानावर येतं. प्लास्टरपेक्षा शाडू बरा, यात वाद नाही. पण ही माती मुख्यतः गुजरातेतून येते. ती आपल्या नदीची नाही, आणि हजारो मूर्तींची माती एकाच घाटावर बसली की तळावरचे जीव गाडले जातात. घरच्या बादलीत विसर्जन केलं तर तीच माती पुढच्या वर्षी मूर्तिकाराला परत देता येते. प्लास्टरची लहान मूर्ती घरात असेल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे. त्यात मूर्ती विरघळते, खाली चुनखडी बसते आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ते खत आहे. पातळ करून झाडांना घालायचं, मोरीत ओतायचं नाही.

कारण खत नदीत गेलं की जलपर्णी माजते. ‘जलपर्णी पाणी शुद्ध करते’ हे अर्धसत्य आहे. ती नत्र आणि स्फुरद शोषते खरी, पण वेळेत उपसून काढली नाही तर तिथेच कुजते आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडते. दरम्यान तिच्या जाड थराखाली उजेड पोचत नाही आणि डासांची चंगळ होते. कपड्यांच्या पावडरीतूनही स्फुरद नदीत जाऊ शकतं, म्हणून आपल्या हातात आहे ते एवढंच, की ती मापाने घालायची. पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत.

शेवटी ‘आमच्या सोसायटीला एसटीपी आहे’ ही निश्चिंती. एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, या नुसत्या टाक्या नव्हेत. काम जिवाणू करतात, आणि त्यांना सतत हवा लागते. विजेचं बिल वाचवायला ही हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की जिवाणू मरतात आणि मैलापाणी जसंच्या तसं बाहेर पडतं. घराघरांतून संडासात ओतलेलं जास्तीचं ॲसिडही त्यांना मारतं. त्यामुळे वार्षिक सभेत तीन गोष्टी विचाराव्यात: ब्लोअर रोज किती तास चालतो, गाळ शेवटचा कधी काढला, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तपासणी अहवाल काय म्हणतो. ही माहिती दर महिन्याला लिफ्टशेजारच्या फलकावर लावायला सेक्रेटरींना फार तर अर्धा तास लागेल.