झोपेची गोळी आणि पायांतला अशक्तपणा

"डॉक्टर, हल्ली पायांत जोरच राहत नाही," असे साठीपुढचे रुग्ण सांगतात तेव्हा बी-12, थायरॉइड, साखर तपासली जाते. ती तपासायलाच हवी. पण त्याआधी मी विचारतो, रात्री झोपेसाठी काही घेता का? बऱ्याचदा उत्तर येते, "हो, पण ती अगदी छोटी गोळी आहे."

ती छोटी गोळी बहुधा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम असते. ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधे 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवून मेंदू शांत करतात. हेच काम मज्जारज्जूतही होते आणि स्नायू सैल पडतात. म्हणून तर आखडलेल्या पाठीसाठीही डायझेपाम दिले जाते! पण रात्री लघवीला उठलेल्या सत्तरीच्या माणसाचे पाय सैल पडणे धोक्याचे. शिवाय डायझेपामचा रक्तातला अंश निम्मा व्हायलाच 20 ते 50 तास लागतात, उतारवयात त्याहून जास्त. कालच्या गोळीचा अंमल उतरण्याआधीच आजची गोळी पोटात जाते.

ही औषधे घेणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचे आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. झोप न लागणारी माणसे मुळातच जास्त आजारी असू शकतात, त्यामुळे सगळा दोष गोळीचाच असे म्हणता येत नाही. तरीही अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी 65 वर्षांपुढे ती शक्यतो टाळायला सांगते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार असेल, तर डॉक्टरांना तो आधी सांगाच. त्यात श्वासाचे स्नायूही दुबळे पडू शकतात.

हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. रोजची सवय एकदम मोडली तर बेचैनी, निद्रानाश, क्वचित फिट्सही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे किंवा महिने घेऊन मात्रा हळूहळू उतरवावी लागते. हे जमते. कॅनडातील क्वेबेकमध्ये ज्येष्ठांना धोके आणि गोळी कमी करण्याची पद्धत सांगणारी पुस्तिका दिली गेली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा महिन्यांत 27 टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होते.

पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. मात्र अशक्तपणा अचानक आणि शरीराच्या एकाच बाजूला आला, तर गोळीवर संशय घेत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, तडक रुग्णालय गाठा.