ओसरीवरचे राखणदार

अकोले-संगमनेरकडच्या उसाच्या पट्ट्यात शेतवस्तीवर तीन-चार दांडगी कुत्री असणे नवलाचे नाही. बिबट्याच्या धाकाने ती पाळली जातात आणि एकाकी वृद्धांना त्यांचा मोठाच आधार वाटतो. मात्र अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचाच निघाला. राखणदारच आमिष ठरतो तो असा! म्हणून आजोबांच्या खाटेशेजारी ओसरीवर कुत्री बांधू नयेत; रात्री ती भक्कम, बंद खोलीत असावीत.

दिवसाचा धोका निराळा. तीस-पस्तीस किलोचे कुत्रे लाडाने अंगावर आले, तरी काठी टेकणारा माणूस कोलमडतो. खुब्याचे हाड मोडले की महिनोन्महिने अंथरूण. भाकरी घालतेवेळी कुत्री परस्परांवर धावतात, तेव्हा ते काम घरातल्या धडधाकट माणसाने करावे. साखळी मनगटाला गुंडाळू नये, भांडणात हात घालू नये.

रेबीजची लस दरवर्षी प्रत्येक कुत्र्याला टोचावी. चावा वा ओरखडा, घरच्याच कुत्र्याचा असला तरी, वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावा, चुना-हळद लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.