पुस्तक घरी आलं, पण उघडेना!

मैत्रिणींनो, पुस्तकं घरी यायच्या वाटा हल्ली बदलल्या आहेत. अमेरिकेतली नणंद एक फाइल पाठवते आणि "वहिनी, हे जरूर वाच हं!" असं वर लिहिते. भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी जुन्या पाककृतींचं पुस्तक टाकतं. आपण मोठ्या हौसेने ती फाइल संगणकावर घेतो, तिच्यावर दोनदा टिचकी मारतो, तर संगणक उलट आपल्यालाच विचारतो, 'ही फाइल कशाने उघडू?' आता बाबा, हे मला ठाऊक असतं तर तुझ्यापुढे अशी बसले असते का! मग मुलाची मनधरणी. तो येतो, दोन मिनिटं काहीतरी खटाखट करतो, "झालं, आई," म्हणून निघून जातो, आणि पुढच्या पुस्तकाच्या वेळी पुन्हा आपलं तेच.

वास्तविक यात अवघड असं काही नाही. रवा, मैदा आणि तांदळाची पिठी नुसत्या बोटांनी ओळखणाऱ्या बाईला चार प्रकारच्या फाइली ओळखणं जड नाही. फक्त डब्यावरची चिठ्ठी कुठे असते, ते कुणीतरी एकदा नीट दाखवायला हवं.

फाइलीचं आडनाव

प्रत्येक फाइलीला नाव असतं आणि नावापुढे टिंब देऊन तीन-चार इंग्रजी अक्षरांचं आडनाव असतं. पी-डी-एफ, ई-पी-यू-बी, एम-ओ-बी-आय, ही ती आडनावं. गंमत अशी, की विंडोज ती मुळातच झाकून ठेवतं. विंडोज ११ असेल तर कोणतंही फोल्डर उघडा, वरच्या पट्टीत 'व्ह्यू' आहे, त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. तिथे एकदा टिचकी मारली की सगळ्या फाइली आडनावासकट दिसायला लागतात. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'खालीच तसा चौकोन आहे, त्यात खूण करायची.

हे काम आजच करून ठेवा, कारण त्याचा दुसरा फायदा मोठा आहे. पुस्तकाच्या नावाशेवटी ई-एक्स-ई अशी अक्षरं असली तर ते पुस्तक नव्हे, तो चालू होणारा प्रोग्रॅम आहे. लबाड लोक पीडीएफ आणि त्यापुढे ई-एक्स-ई असं दुहेरी आडनाव लावतात. शेवटचं झाकलेलं राहतं आणि आपल्याला नुसतं पीडीएफ दिसतं. अशी फाइल उघडू नका, सरळ पुसून टाका. फोनवर ए-पी-के आडनावाने आलेलं 'पुस्तक' किंवा 'लग्नपत्रिका' यांनाही हाच नियम लावा.

आणि हो, आडनाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार! फाइलीचंही तसंच. पीडीएफच्या जागी ईपब असं टाइप केलं म्हणून तिचं ईपब होत नाही. त्यासाठी वेगळी सोय आहे, ती पुढे सांगते.

वडी आणि कणीक

आपल्याकडे सर्वांत जास्त येते ती पीडीएफ. अडोबी कंपनीने १९९३ साली ती आणली आणि २००८ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचा हेतू एकच. छापील पान जसं आहे तसंच, कुठल्याही यंत्रावर, ओळीला ओळ दिसावं. म्हणजे थापून, कापून ठेवलेली वडी. तिचा आकार ठरलेला. शाळेत शिकवताना मला हीच बरी वाटते. ई-बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, आणि "पान बेचाळीस काढा" म्हटलं की सगळ्यांचं बेचाळीस तेच असतं. ही फाइल उघडायला वेगळं काही लागतच नाही. संगणकातलं एज किंवा क्रोम ती उघडतं. 'पीडीएफ उघडण्यासाठी हे डाउनलोड करा' अशा चकाकत्या जाहिराती दिसल्या, तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका.

ईपब मात्र मळलेली कणीक आहे. तवा लहान असला तर फुलका लहान, मोठा असला तर मोठा. फोनच्या पडद्यावर ओळ आखूड होते, संगणकावर लांब, आणि अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. २००७ साली प्रकाशन-व्यवसायाच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने हा प्रकार मानक म्हणून ठरवला. आत पाहिलंत तर ईपब म्हणजे एक गाठोडं असतं. त्यात प्रकरणांची पानं असतात, चित्रं असतात, आणि कशाच्या मागून काय यायचं याची यादी असते. वेबसाइटची पानं ज्या पद्धतीने लिहितात त्याच पद्धतीने ही लिहिलेली असतात.

हा फरक आमच्या घरी कुणाला कळला असेल, तर सासूबाईंना. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, आणि आयुष्यभर दुपारी पुस्तक घेऊन आडवं व्हायची सवय. छापील पुस्तकातलं बारीक अक्षर त्यांना सोसेनासं झालं तेव्हा ह्यांनी कौतुकाने संगणकावर पीडीएफ लावून दिली. अक्षर मोठं करावं तर ओळीचं अर्धं शेपूट पडद्याबाहेर. मग ते उजवीकडे सरकवा, पुन्हा डावीकडे आणा. तोवर त्या कुठल्या ओळीवर होत्या तेच हरवायचं. चार दिवसांनी "राहू दे गं, आता झालं माझं वाचन," असं त्या म्हणाल्या. ते नुसतं पुस्तकाबद्दलचं बोलणं नव्हतं, हे मला समजलं. पुढे एक कादंबरी ईपबमध्ये मिळाली. अक्षर बोटाच्या पेराएवढं केलं, मागचा पांढरा रंग घालवून पिवळसर केला, आणि ओळी सगळ्या पडद्याच्या आतच राहिल्या. त्या दिवशी दुपारचा चहा मी त्यांना दोनदा गरम करून दिला. म्हणूनच सांगते, घरात वडीलमाणसं असतील आणि दोन्ही प्रकार मिळत असतील, तर ईपब घ्या.

आता उघडायचं कशाने?

ईपब विंडोजवर आपणहून उघडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये पूर्वी ती सोय होती, २०१९ साली ती काढून टाकली. त्यामुळे एक प्रोग्रॅम घालून घ्यावाच लागतो. फुकट आणि भरवशाचे तीन सांगते. नुसतं वाचायचं असेल तर थोरियम रीडर. तो दिसायला स्वच्छ आहे आणि अक्षर लहानमोठं करणं सोपं आहे. संगणक जुना, हळू चालणारा असेल तर सुमात्रा पीडीएफ. नावावर जाऊ नका, तो पीडीएफबरोबर ईपब आणि मोबीही उघडतो, आणि जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या डी-जे-व्ही-यू नावाच्या फाइलीही. तिसरा कॅलिबर. मॅकवाल्यांना चिंता नाही, त्यांचं ॲपल बुक्स ईपब उघडतंच.

माझं मत विचाराल तर कॅलिबर. कोविद गोयल यांनी २००६ साली स्वतःच्या वाचनयंत्रासाठी ते करायला घेतलं, आणि आज ते जगभर वापरतात. त्यात पुस्तकांचं कपाट आहे, वाचायची खिडकी आहे, आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलण्याची सोयही आहे. 'ॲड बुक्स'ने पुस्तक आत घ्या. पुस्तकाची एक प्रत ते स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं, तुमची मूळ फाइल तशीच राहते. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की पुस्तक उघडतं. कंट्रोलचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर वाढतं. 'कन्व्हर्ट बुक्स'मध्ये मोबीचं ईपब चुटकीसरशी होतं.

हे प्रोग्रॅम घेताना त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. आणि एकदाच फाइलीवर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ', 'चूज ॲनदर ॲप', आपला प्रोग्रॅम, आणि मग 'ऑल्वेज' निवडा. पुन्हा कधी तो प्रश्न येणार नाही.

मराठीची वेगळीच तऱ्हा

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्या पीडीएफ कॅलिबरमध्ये घालून ईपब करून टाकू! इंग्रजी पुस्तकाचं बरंचसं जमतं. मराठीत मात्र वाटीभर तांदळात मूठभर खडे निघावेत तसं होतं. त्याचं कारण असं, की अनेक वर्षं मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्यात पडद्यावर 'क' दिसला तरी आत संगणकाच्या लेखी ते भलतंच रोमन अक्षर असतं. पान दिसायला देखणं, पण बदलायला गेलं की नुसती गिचमिड.

हे आधीच ओळखायची सोपी परीक्षा आहे. पीडीएफमधली एक ओळ माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. स्वच्छ मराठी उमटलं तर ती युनिकोडची फाइल, तिचं ईपब करून पाहायला हरकत नाही. एखादी वेलांटी-काना इकडचा तिकडे होतो, तेवढं चालवून घ्यायचं. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा आला तर तो जुना फॉन्ट, वेळ घालवू नका. आणि ओळ निवडलीच गेली नाही, तर ते पान नसून पानाचा फोटो आहे. फोटोतलं थोडं वाचून हवं असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा, अक्षरं ओळखून ते मजकूर काढून देतं. पाच-दहा पानांपुरतं हे ठीक, पण ऱ्हस्वदीर्घ आपणच तपासायचं.

कुलपाची पुस्तकं

नियमाप्रमाणे सगळं करूनही पुस्तक उघडलं नाही, तर बहुधा त्याला कुलूप आहे. ॲमेझॉनच्या किंडलची पुस्तकं ए-झेड-डब्ल्यू वगैरे आडनावांची असतात आणि बहुतेक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. २०१६ सालापासून तिथे मराठी पुस्तकंही आहेत. ए-सी-एस-एम नावाची इवलीशी फाइल आली तर ते पुस्तक नव्हे, पुस्तकाचं कूपन आहे. अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये ते दिलं की मग पुस्तक उतरतं.

पैसे मोजताना या कुलपाचा विचार करावा असं मला वाटतं. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. ज्याने ती विकायला ठेवली त्याला हक्कच नव्हते, असं कारण निघालं. पैसे परत दिले आणि पुढे माफीही मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही दिसेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकात टिपणं केलेल्यांना वर २५ डॉलर मिळाले, पण समासातली टिपणं गेली ती गेलीच. २०२५च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून तारेने किंडलवर न्यायची जुनी सोयही बंद केली. छापील पुस्तक घेतलं की ते लेकीला देता येतं, रद्दीतही देता येतं. इथे आपण विकत घेतो ती पुष्कळदा फक्त वाचायची परवानगी. एरवी सोय चांगली आहे, मीही घेते. पण जपून ठेवावंसं वाटणारं पुस्तक असेल तर ते बिनकुलपाचं मिळतं का, हे आधी पाहते.

बिनकुलपाची, राजमार्गाने मिळणारी मराठी पुस्तकं थोडीथोडकी नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ प्रकाशनं पीडीएफमध्ये मोफत आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने पुस्तकं देतं. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं ईपब म्हणूनही उतरवता येतात, सासूबाईंसाठी मी तिथेच हिंडते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११पासून त्यांचं लेखन खुलं आहे. भिशीच्या ग्रुपवर फिरणारी हयात लेखिकेची नवीकोरी कादंबरी मात्र चोरीची असते. ती पुढे पाठवू नका, एवढीच विनंती.

एक सांगायचं राहिलंच. कॅलिबर सारी पुस्तकं 'कॅलिबर लायब्ररी' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतं. ते फोल्डर जसंच्या तसं वर्षातून दोनदा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आतली नावं मात्र हाताने बदलू नका, नाहीतर त्याला आपलीच पुस्तकं सापडत नाहीत. आमच्याकडे हे काम दिवाळीच्या आवराआवरीत आणि एप्रिलच्या वाळवणांत होतं, आणि पेनड्राइव्ह सासूबाईंच्या चष्म्याच्या जुन्या डबीत असतो.